महालक्ष्म्या इथल्या आणि तिथल्या : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी विचारलं होतं की घरातलं कोणी परदेशात असेल तर महालक्ष्म्या कशा करता, तर पत्रं आली, व्हॉट्सॲप आले, दोन जणींनी तर आठ-आठ मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवले, सगळे ऐकले मी, काही दोनदा ऐकले. सगळ्यांना इथं जागा देता येत नाही म्हणून पाच निवडले. पुण्या-कोकणाकडच्या वाचकांसाठी एवढंच सांगते की तुमच्या ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी म्हणजेच आमच्या विदर्भातल्या महालक्ष्म्या, आणि आमच्याकडे पोरगा दिवाळीला नाही आला तर चालून जातं, पण महालक्ष्म्यांना नाही आला तर अख्खं गाव विचारतं, काहून नाही आला म्हणून.

प्रश्न : ताई, माह्यं वय ६८. दारव्हा तालुक्यात पाच एकर वावर हाय. पोरगा, सून अन् नात अमेरिकेत डल्लासले हायेत, चार वर्सं झाले महालक्ष्म्याले आले नाही. घरी आम्ही दोघंच. हिचे गुडघे गेले. मंडपी बांधा, फुलोरा करा, सोळा भाज्या, पुरण, पन्नास पानं, आता होत नाही. दुपारी पूजेच्या टायमाले व्हिडिओ कॉल लावतो तर पोरगं डोळे चोळत चोळत हात जोडते अन् दोन मिनिटात फोन बंद. मागच्या साली पूजा झाल्यावर ही सैपाकघरात बसून रडत होती. बंद करून टाकाव्या का?

उत्तर : भाऊ, बंद नका करू. पण जशा करून राहिले तशाही करू नका.

आधी माझं सांगते. माझा पोरगा जर्मनीला गेला त्या पहिल्या वर्षी मी हट्टानं सगळं तेवढंच केलं, वीस माणसांचं. सगळ्यांची जेवणं झाली तसं त्याचं पान वाढलं, वर दुसरं ताट झाकलं आणि देवघरापाशी ठेवून दिलं, काहून ठेवलं ते मलाही सांगता आलं नसतं. रात्री सगळे निजल्यावर ताट उघडलं तर पुरणपोळीला घाम सुटून ती लिबलिबीत झाली होती, आंबिलीवर जाड साय धरली होती आणि भज्यांचं तेल पत्रावळीत उतरलं होतं. सकाळी ते गाईला घातलं. ती साय पळीनं बाजूला करताना जे मनात आलं ते अजून आठवलं तरी गळा दाटून येतो. म्हणून वहिनी सैपाकघरात काहून रडल्या हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. सोळा भाज्या चिरताना घर भरलेलं असायचं, कोणी भोपळा सोलायचं, कोणी चमकोऱ्याच्या, म्हणजे आळूच्या, शिरा काढायचं, कोणी नुसतंच बसून बोलायचं, आता तेवढ्याच भाज्या एकटीनं चिरायच्या म्हटलं की प्रत्येक भाजीगणिक रिकामं घर दिसतं.

म्हणून आधी काम कमी करा. सोळा भाज्यांची एकच मिसळीची भाजी करणारी कितीतरी घरं आहेत, जे हाताशी मिळेल ते सगळं थोडं थोडं एका कढईत, त्यात काही कमीपणा नाही. पुरण, आंबील, कढी, भात, एक भाजी, दोन भजी, झाला नैवेद्य. फुलोऱ्यात वेणी, फणी, आरसा, करंडा आणि दोन करंज्या, एवढं एका दुपारी तळून होतं. मंडपी बांधायला गडीमाणूस नसेल तर भिंतीला साडी लावा. पन्नास पानांच्या ऐवजी एक मेहूण आणि एक सवाष्ण जेवू घाला. माझ्या सासूबाई म्हणायच्या की महालक्ष्मी माहेरी आली, तिला पोटभर जेवू घाल आणि तिच्यापाशी बस, आणि मला आठवतं त्या खरंच बसायच्या, पूजा झाल्यावर अर्धा तास नुसत्या महालक्ष्म्यांसमोर पाय पसरून बसायच्या, आम्हाला कामाची घाई असायची आणि त्या म्हणायच्या, थांबा गं. वहिनींना बसायला वेळ मिळेल एवढंच काम ठेवा.

आता पोराचं. दुपारी बाराला तुम्ही पूजा करता तेव्हा डल्लासला रात्रीचे दीड वाजलेले असतात. भाद्रपदात त्यांचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागं असतं. पोरगं डोळे चोळत उठते हेच पुष्कळ, त्याला बोल लावू नका. दुपारचा कॉल सोडून द्या आणि संध्याकाळी सातच्या आरतीला लावा, तिथं सकाळचे साडेआठ, नात आंघोळ करून बसलेली असेल. आणि तारखा लवकर कळवत जा. २०२५ साली पूजन आलं १ सप्टेंबरला, सोमवारी, त्या दिवशी अमेरिकेत लेबर डेची सुट्टी होती, ज्यांना आधी माहीत होतं त्यांनी तिकडं अख्खा दिवस सण केला आणि ज्यांना आदल्या रात्री कळलं ते कुठंतरी फिरायला निघून गेले होते. असा जोग दरवर्षी नाही येत कारण महालक्ष्म्या नक्षत्रावर चालतात, पण पंचांग हातात आलं की त्या दिवशीच तीन तारखा पोराला पाठवून द्या.

आणि आता जे खरं सांगायचं आहे ते. पोराला नुसतं दर्शन देऊ नका, काम द्या. आवतण त्यानं द्यायचं. आठ दिवस आधी सवाष्णीला, मेहुणाला, शेजारच्या दोन घरांना फोन डल्लासवरून जाऊ द्या, "काकू, सोमवारी आमच्या घरी जेवायला या, आई वाट पाहून राहिली." माझ्या पोरानं दुसऱ्या वर्षी हे केलं. गावात असं झालं की ज्यांना त्यानं फोन केला त्या बाया मला विचारायला आल्या, पोरगा बोलला आमच्याशी, खरंच बोलला, आता काय काय आणायचं आम्ही? एकीनं भजी तळून आणली, एकीनं कढी केली. मी ज्या कामासाठी तोंड उघडत नव्हते ते काम त्याच्या एका फोननं घरी चालून आलं. आणि त्याला त्या बायांची नावं, कोणाचे मिस्टर गेले, कोणाच्या घरी नातू झाला, सगळं पुन्हा माहीत झालं.

नातीला आवाहनाचं काम द्या. संध्याकाळी साडेसहाला महालक्ष्म्या दारातून आत आणता तेव्हा तिथं सकाळचे आठ वाजलेले असतात. फोन कोणाच्या तरी हातात द्या, तुळशीपासून कुंकवाच्या पावलांवरून वहिनी मुखवटे घेऊन येतील, मागं कोणी ताट-चमचा वाजवेल, आणि प्रत्येक खोलीच्या दारात नातीनं विचारायचं, "महालक्ष्मी आली कशाच्या पावलानं?" आणि वहिनींनी म्हणायचं, "सोन्यामोत्याच्या पावलानं." माझी नात आधी लाजली, नंतर इतकी रंगली की न्हाणीघराच्या दारातही विचारलं आणि आम्ही तिथंही उत्तर दिलं. फोन सकाळपासून चार्जिंगला लावून ठेवा, लाईटचा भरवसा नाही, आणि घरात नेटवर्क येत नसेल तर अंगणातून ओसरीपर्यंत तरी येतं का ते आदल्या दिवशी पाहून ठेवा.

वहिनींना माझा नमस्कार सांगा. गुडघ्यांसाठी पाटावर बसणं बंद, खुर्चीवर बसून पूजा करा म्हणावं, देवीला चालते.

प्रश्न : ताई, मी मूळची हिंगणघाटची, लग्न होऊन श्टुटगार्टला आले. सासरी भावकीत आता कोणी करणारं उरलं नाही म्हणून सासूबाईंनी मुखवटे माझ्याकडे दिलेत, दोन्ही बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून आणले. पहिलंच वर्ष आहे. तारीख इथली धरायची की तिथली? धूप-कापूर लावला की स्मोक अलार्म वाजतो. ज्वारी मिळत नाही. आणि विसर्जन कुठं करू?

उत्तर : अगं, स्वेटरमध्ये गुंडाळून आणले हे वाचूनच मला तू आवडलीस.

तारखेचं आधी. महालक्ष्म्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. चंद्र सत्तावीस-साडेसत्तावीस दिवसांत सत्तावीस नक्षत्रं फिरतो, म्हणजे एका नक्षत्रात साधारण एक दिवस, कधी थोडा कमी कधी जास्त. नक्षत्र बदलायचा क्षण सगळ्या जगाला एकच असतो, घड्याळ फक्त वेगळं. समज इथल्या पंचांगात लिहिलंय की ज्येष्ठा संध्याकाळी पाचला लागते, तर तुझ्याकडं तेव्हा दुपारचे दीड असतील कारण उन्हाळी वेळेत जर्मनी आपल्या साडेतीन तास मागं आहे, आणि डल्लासला सकाळचे साडेसहा. म्हणून तारीख उचलू नको, वेळ उचल आणि तुझ्या घड्याळात बसव. जर्मनीत बहुतेक वेळा तारीख तीच निघते, अमेरिकेत कधी कधी एक दिवस आधीची निघते, त्यात चुकलं असं काही नाही. ऑफिसच्या दिवशी आलं तर पूजा आणि नैवेद्य त्याच दिवशी छोटा कर, चार लोकांना जेवायला शनिवारी बोलाव. पूजाच शनिवारी ढकलू नको, नक्षत्र थांबत नाही.

अलार्मचं. जर्मनीत घराघरात तो कायद्यानं लावलेला असतो, त्यावर पिशवी बांधणं किंवा काढून ठेवणं अजिबात करायचं नाही, बाहेरच्या देशात सणाच्या दिवशी घरात लाकडी फर्निचर, गालिचा, साड्यांचे पडदे आणि वात, मला तर विचार करूनच भीती वाटते. महालक्ष्म्या अलार्मपासून लांबच्या खोलीत, खिडकीजवळ बसव, धूप लावू नको, आरतीला कापराची एकच वडी, आणि समई पदरापासून दूर, तळाशी परात.

ज्वारीसाठी तिथल्या सेंद्रिय मालाच्या दुकानात 'सोर्गुम' विचार. नुसतं 'हिर्झे' म्हणून जे पिवळं बारीक धान्य देतात ते वेगळं, माझी सून पहिल्या वर्षी तेच घेऊन आली आणि आंबील चिकट झाली. ताक म्हणून 'बुटरमिल्श' कोणत्याही दुकानात मिळतं पण ते आपल्या ताकापेक्षा दाट असतं, अर्धं पाणी घाल. आता आंबील नीट वाच. एक वाटी ज्वारीचं पीठ दोन वाट्या ताकात रात्री कालवून झाकून ठेव. सकाळी चार वाट्या पाणी उकळायला ठेव, त्यात मीठ, जिरं, आल्याचा तुकडा ठेचून, खोबऱ्याचे पातळ काप. उकळी फुटली की गॅस बारीक करून ते कालवलेलं पीठ एका हातानं धार धरून सोड आणि दुसऱ्या हातानं सारखी ढवळत राहा, इथं फोन उचलायचा नाही, दारावर कोणी आलं तरी जायचं नाही, एकदा गुठळी धरली की ती शेवटपर्यंत फुटत नाही. पाच मिनिटांनी पृष्ठभागावर जाड बुडबुडे येऊन फट् फट् फुटायला लागतील, तेव्हा हात थोडा मागं घे, तो थेंब मनगटावर उडला की चांगलाच भाजतो. पळीच्या पाठीवर बोट फिरवलं तर रेघ तशीच राहिली पाहिजे, मग उतरव. गार झाल्यावर ती अजून दाटते म्हणून थोडी पातळच ठेव.

विसर्जनाची चिंता सोड. महालक्ष्म्यांचे मुखवटे पाण्यात सोडत नाहीत. मूळ नक्षत्रावर दहीभाताचा नैवेद्य, आरती, अक्षता टाकायच्या, जागेवरून जरा हलवायचं आणि पुढल्या वर्षी या म्हणायचं. मग पुसून पुन्हा स्वेटरमध्ये. गणपती बसवला असशील तर शाडूचा छोटा आण आणि घरीच बादलीत विरघळव, ते पाणी कुंड्यांना घाल. तिथल्या नदी-तलावात काही सोडू नको.

प्रश्न : अचलपूरहून लिहितेय. मुलगी दुबईला, मुलगा मेलबर्नला. दोघांनाही महालक्ष्म्यांचा फराळ पाठवायचा आहे, अनारसे माझ्या हातचे दोघांना फार आवडतात. एक ओळखीचे दुबईला जात आहेत, त्यांच्यासोबत देऊ का?

उत्तर : ताई, अनारसे देऊ नका. हात जोडून सांगते. अनारशाला खसखस लागते आणि खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेल्या मालात मोडते, ती अफूच्या बोंडातली म्हणून. आपल्या घरी ती वाटणात, शिऱ्यात, कशातही पडते, आपल्याला त्यात काही वाटतच नाही, पण तिथं विमानतळावर सापडली तर ज्यांच्या बॅगेत सापडली ते माणूस अडकतं, आणि ते तर तुमच्यावर भरवसा ठेवून डबा नेणार. करंज्यांच्या सारणातही खसखस घालू नका. तिळाचं, खोबऱ्याचं, रव्याचं सारण करा. मुलीला अनारसे खायचेच असतील तर ती इथं आली की खाऊ घाला.

मेलबर्नचं वेगळं. ऑस्ट्रेलियावाले शेतीच्या रोगराईला फार घाबरतात आणि त्यांचं बरोबरही आहे, आपल्या बोंडअळीनं काय केलं ते आपण पाहिलंय. दुधाची मिठाई, पेढे, बर्फी नेऊ देत नाहीत. ताजं पान-फूल, दूर्वा, आघाडा, केवडा, नारळ, बी-बियाणं काही नको. जे काही खायचं असेल ते येताना मिळणाऱ्या कार्डावर लिहून दाखवायचं, लपवलं तर दंड होतो, दाखवलं तर फार फार तर काढून टाकतात. युरोपात राहणाऱ्या वाचकांनीही लक्षात ठेवा, बाहेरून दुधाचं आणि मांसाचं तिकडंही चालत नाही.

मग पाठवायचं काय? मी माझ्या पोराला दरवर्षी एक पाकीट पाठवते, ते इतकं हलकं असतं की टपालातली बाई विचारते आत काही आहे का. त्यात महालक्ष्मीचा दोरा असतो, सोळा पदरी सूत, हळदीत बुडवून वाळवलेला, सोळा गाठी मारलेला. आणि कापसाची वस्त्रमाळ. कापूस आमच्याच वावरातला, सरकी हातानं काढलेली, एकही राहू द्यायची नाही, आणि मग चिमटीत पाणी घेऊन वळलेली, मधे मधे कुंकवाचं बोट. पोरगा सांगत होता की पाकीट उघडलं की हळदीचा वास येतो आणि मग दिवसभर बोटं पिवळी असतात. महिनाभर आधी टाका, पोचायला वेळ लागतो.

प्रश्न : नाव छापू नका, काटोल तालुका. आम्ही दोघं घरी शेती पाहतो, सासू-सासरे आमच्याजवळ. भासरे (थोरले दीर) आणि जाऊबाई अमेरिकेत. दरवर्षी महालक्ष्म्यांना दहा हजार पाठवतात. मग तीन दिवस व्हिडिओ कॉलवर, इकडून दाखव, ती साडी नको ही नेसव, फुलोरा यंदा कमी काहून, आत्याबाईंना बसायला दे. मी चार वाजता उठलेली असते. सासूबाईही म्हणतात तिला दाखव, ती तिकडं तरसते. मी इथं आहे ते कोणालाच दिसत नाही. बोलले तर पैशाचा विषय निघतो.

उत्तर : बाई, तुझं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं.

तू चुकीचं काही बोलत नाहीयेस. सणात घरी राहणाऱ्याचा आणि बाहेर गेलेल्याचा जीव सारखाच असतो पण हात सारखे नसतात, हात तुझे आहेत, आणि ज्याचे हात त्याला विचारल्याशिवाय साडी बदलायला सांगायचं नाही, मग ती थोरली का असेना, पैसे पाठवणारी का असेना. सासूबाई म्हणतात ती तरसते, तेही खरं असणार. तिच्या लग्नानंतर पहिल्या चार-दोन महालक्ष्म्या तिनंच नेसवल्या असतील, पदराच्या निऱ्या कशा बसतात हे तिच्या बोटांना अजून आठवत असेल आणि तिकडं बोटं रिकामी. रिकाम्या बोटांचं माणूस फोनवरून दुसऱ्याची बोटं हलवायला जातं.

म्हणून जाऊबाईंना आधी, सणाच्या महिनाभर अगोदर, तू स्वतः फोन कर, भासऱ्यांना नको, सासूबाईंमार्फतही नको. शांतपणे सांग की ताई, यंदा दोन गोष्टी तुम्हीच ठरवा, महालक्ष्म्यांच्या साड्या कोणत्या ते आत्ताच ठरवून मला फोटो पाठवा, आणि हळदीकुंकवाला काय वाण द्यायचं ते. बाकीचं मी करीन, मला जमेल तसं. आणि तीन दिवसांत कॉल एकच, संध्याकाळच्या आरतीला. बाकी वेळ फोन सासूबाईंच्या खोलीत, त्यांनी दोघींनी कितीही बोलावं.

पैशाचं मात्र मोकळं करून टाक. त्या दहा हजारांतून आदल्या दोन दिवसांसाठी आणि पूजेच्या दिवसासाठी कामाला एक बाई लाव, भांडी आणि पुरण वाटायला, आणि जाऊबाईंना तसं सांग, ताई, तुमच्या पैशातून यंदा बाई लावली, मला बसून पूजा करता आली. पैसे पाठवणाऱ्यालाही कळायला पाहिजे की ते कुठं लागले. तुझ्या नवऱ्याशी हे आधी बोलून घे, नाहीतर सणाच्या दिवशी त्यालाच आश्चर्य वाटेल.

आणि एक, जाऊबाई हे वाचत असतील, किंवा तुमच्यासारख्या कितीतरी जणी बाहेरदेशी हे वाचत असतील, त्यांना सांगते : कॉल लावला की आधी फोन देवीसमोर धरायला सांगू नका. आधी विचारा, जेवलीस का गं तू. उपास असेल तर चहा घेतलास का.

प्रश्न : सिंदी रेल्वेजवळच्या गावातून एक आजोबा लिहितात : नातू सात वर्षांचा, ऑस्ट्रेलियात. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल मागतो. पाठवता येतो का? आणि त्याला काय सांगू, तो तिथं कुठं फिरवणार?

उत्तर : आजोबा, तुमच्याकडचा तान्हा पोळा, लहान पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, पाहायला लोक दुरून येतात, तिथल्या आजोबाला नातवाला बैल न देऊन कसं चालेल!

लाकडी वस्तू जाते, पण लाकूड साफ हवं. साल राहिलेली नको, किडीची भोकं नकोत, माती-शेण लागलेलं नको, चाकांच्या खाचेतली धूळसुद्धा ब्रशनं काढा, आणि पाकिटावर लाकडी खेळणं असं स्पष्ट लिहा. नवा, रंग दिलेला घ्या. वावरातला तुमचा जुना बैल द्यावासा वाटेल, पण तो इथंच ठेवा, नातू आला की दाखवा. झूल कापडाची शिवून पाठवा, शिंगांना रंगीत कागद, गळ्यात घुंगरू.

फिरवायला रस्ताच लागतो असं नाही, घराच्या दारापासून गॅलरीपर्यंतही पोळा फुटतो. आदल्या दिवशी त्याला फोनवर सांगा की आज बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावायचं आणि कानात म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी झडती, म्हणजे पोळ्यात म्हणायचं गाणं. त्याला एवढीच शिकवा, "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव." पहिली ओळ त्यानं म्हणायची आणि हर हर महादेव तुम्ही इकडून ओरडायचं, जोरात, वाड्याला ऐकू जाईल असं. मेलबर्नच्या बाजूला असेल तर त्यांचं घड्याळ आपल्या साडेचार तास पुढं आहे, आपले दुपारचे दीड म्हणजे तिथं संध्याकाळचे सहा, शाळेतून येऊन खाऊन झालेलं असेल. तेव्हा वावरातून लवकर घरी या त्या दिवशी.

आणि बोजारा विसरू नका. दारोदार बैल घेऊन गेलं की पोरांच्या हातावर पैसे ठेवतात ना, तसे त्याच्या आईला सांगून त्याच्या हातावर ठेवायला लावा, तुमच्या नावानं.